परकराच्या आतली गादी

माझी कौशल्यामामी एका जागी बसलेली मी फक्त शिलाई मशीनवर पाहिली आहे, आणि तिथेही तिचे पाय चालूच असतात. जेवताना ती तीनदा उठते. फोन आला तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बोलते. नागपुरात, गांधीबागेच्या कापडबाजारामागच्या गल्लीत, एका दुकानावरच्या दोन खोल्यांत ती राहते, आणि मामा गेल्यापासून मीही तिथेच राहते. मी वंदना, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. चुकलेले अर्ज परत पाठवणं हे माझं काम असल्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे, हे आधीच सांगून टाकते.

मामी परकर शिवते. फक्त परकर. ब्लाउज शिवायला सांगितलं तर ती समोरच्या टेलरकडे बोट दाखवते, आणि ते बोट दाखवण्यातही थोडा तोरा असतो. तिच्या परकराचं नाव झालं ते नाड्यामुळे. बाजारात मिळतो तो रुंद, गुळगुळीत नाडा तिच्या मते आळशी बायांसाठी. ती कापडाच्या उरलेल्या पट्ट्या पिळून, त्यांवर टीप मारून, सुतळीएवढा बारीक नाडा स्वतः तयार करायची. सकाळी एकदा गाठ मारली की झोपेपर्यंत सुटायची नाही. भाजीच्या टोपल्या उचलणाऱ्या, वावरात वाकून काम करणाऱ्या, दिवसभर उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या बाया तोच मागायच्या. साडी घट्ट बसली पाहिजे, हलता कामा नये, ही आमच्याकडच्या बायकांची पक्की समजूत. माझीही होती.

मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझे केस फार गळायला लागले, म्हणून धरमपेठेत डॉक्टर मिनल यांच्याकडे निघाले. त्या त्वचेच्या डॉक्टर. मामीला घरी चैन पडेना, म्हणून तीही सोबत आली. माझं झाल्यावर उठता उठता ती म्हणाली, आलोच आहोत तर माझ्या कमरेची खाजही बघून टाका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर हसल्या आणि त्यांनी तिला पडद्यामागे नेलं.

पडदा अर्धवट ओढलेला होता, म्हणून मलाही दिसलं. नऊ वर्षं एका घरात राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं. मामीच्या कमरेभोवती नाड्याच्या जागी काळी कडी उमटली होती, आणि उजव्या अंगाला, जिथे गाठ येते तिथे, त्या काळ्यात पांढरे ठिपके पडले होते. कातडी खरबरीत झाली होती. डॉक्टरांनी नाड्याबद्दल विचारलं, तर मामीने तो कसा पिळते, किती टिपा मारते, हे कौतुकाने सांगायला सुरुवात केली. डॉक्टर ऐकून घेत राहिल्या.

मग त्या बोलल्या, आणि त्यांनी काही लपवलं नाही. रोज त्याच जागी, तेवढ्याच घट्ट नाड्याने कातडी घासली जाते, घामाने भिजते. आधी काळी पडते, मग पांढरी, मग सोलते. वर्षानुवर्षं असं चाललं की एखादीला जखम होते, ती भरत नाही, आणि अशा जुन्या जखमेत कधीकधी कॅन्सर धरतो. सगळ्यांना होत नाही, फार कमी जणींना होतो, पण होतो. मामीला अजून जखम नव्हती. मलम दिलं, नाडा सैल करा म्हणाल्या, रुंद पट्टा लावा, रोज गाठीची जागा बदला, शक्य तेव्हा बिननाड्याचं काही घाला. आणि कमरेवरची कुठलीही जखम महिन्याभरात भरली नाही, तिच्या कडा वर आल्या, रक्त आलं, वास आला, तर हळद लावत बसू नका, दाखवा.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या केसांचा विचार करायला लागले.  पण परतताना ऑटोत, शंकरनगर चौकातल्या सिग्नलला, मामीने माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "जयवंताले जखम होती वं. मी तिले गादी शिवून देल्ली."

जयवंता म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत पंचवीस वर्षं राहिलेली बाई. तिचे यजमान महादेवराव एका कापडाच्या गोदामावर नोकरीला होते. नोकरी संपली तशी ती दोघं काटोलच्या पुढे त्यांच्या गावी गेली, संत्र्याची वडिलोपार्जित बाग सांभाळायला. पण परकर मात्र जयवंता मामीकडूनच शिवून घ्यायची. त्या फेब्रुवारीच्या दोन वर्षं आधी माप द्यायला आली असताना मामीने टेप आवळला आणि ती कळवळली. नाड्याखाली जखम झाली होती, चिंचोक्याएवढी. बागेत वाकलं की नाडा नेमका तिथेच रुतायचा. आता दुसरी एखादी म्हणाली असती, डॉक्टरला दाखव. मामी शिवणकाम करणारी. तिने शिवणकामातला उपाय केला. नेफ्याच्या आतून, बरोबर जखमेच्या जागी, मऊ सुती चिंध्यांची चार पदरी गादी टाचून दिली. नाडा तेवढाच घट्ट राहिला आणि टोचायचा थांबला. जयवंताने आशीर्वाद दिले. मामीला त्या गादीचा इतका अभिमान वाटला होता की तिने मलाही ती उलटी करून दाखवली होती, आणि मीसुद्धा वा म्हणाले होते.

घरी पोचताच मामीने फोन लावला. फोन महादेवरावांच्या हाती. जयवंता बोलायला आली खरी, पण नवऱ्याच्या देखत फोनवर कमरेचं काय सांगणार? बरं हाय, म्हणाली, बागेत संत्र्यायचा तोडा चालू हाय, म्हणाली, आणि ठेवून दिला. मामीने तीन वेळा पुन्हा लावला. तिन्ही वेळा बरं हाय.

तो बुधवार होता. मला रविवारशिवाय सुट्टी नव्हती, आणि मामीला एकटीला जयवंताचं गाव नेमकं सापडलं नसतं. ते चार दिवस तिने काय केलं ते मला गल्लीतल्या लोकांकडून कळलं. ती गल्लीत घरोघर गेली. पूर्वी जिचा जिचा परकर शिवला होता, तिच्या दारात उभी राहून म्हणायची, कंबर दाखव. दोघी-तिघींनी दाखवली. एकीने दार लावून घेतलं. एका सुनेने तर मला रस्त्यात थांबवून विचारलं की तुमच्या मामींचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी लाजून इकडेतिकडे पाहिलं. त्याचा मला आजही राग येतो, माझाच. मशीन बंद, स्वयंपाक अर्धवट, रात्री मध्येच उठून ती कपाटातले तयार परकर काढायची आणि त्यांतले नाडे ओढून फेकायची. मी एकदा चिडून म्हणाले की तुझ्या फिरण्याने जयवंताची जखम भरणार आहे का? तिने पुढच्या परकराचा नाडा ओढून काढला. मला वाटतं, तिला ते कळत होतं, म्हणूनच थांबवत नव्हतं.

रविवारी पहिल्या बसने काटोल, तिथून ऑटोने गाव. मृग बहाराचा तोडा रंगात आला होता. अंगणात संत्र्यांचे ढीग, क्रेट, व्यापाऱ्याची माणसं. जयवंता कमरेला पदर खोचून फळं निवडत बसली होती. तिने आम्हाला पाहून तोंडभर हसून चहा टाकला. मामी चहा उभ्यानेच प्यायली. मग तिने जयवंताला आत नेलं, मला खूण केली, आणि दार लोटून घेतलं.

जयवंता आधी टाळत होती. म्हणाली, "अवं, तुही गादी लावली तवापासून दुखतच नाई. मी त आता दुसऱ्या परकरायलेही तशीच लावून घेतली." तिने खरंच तसं केलं होतं, मामीचे टाके बघून बघून. मामीने काही न बोलता तिच्या नाड्याची गाठ सोडली.

गादी जखमेला चिकटली होती. कोमट पाणी लावून ती सोडवावी लागली. चिंचोक्याएवढी जखम आता पोळपाटावरच्या पुरीएवढी झाली होती, कडा जाड, उचललेल्या, मध्ये ओलसर लाल, आणि हळदीच्या वासाखाली दुसरा एक वास. मी दोन पावलं मागे सरकले. मामी मात्र खाली बसली, जखमेच्या अगदी समोर, आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मशीनशिवाय ती इतकी स्थिर मी कधी पाहिली नव्हती आणि मला त्याची भीती वाटली.

"आत्ता चाल नागपूरले," ती म्हणाली.

जयवंता म्हणाली, तोडा उरकू दे, आठ दिवसांनी येते. घरात माणसं आहेत, व्यापारी आहे, एवढंसं तर आहे, दुखतही नाही. मामीने वाद घातला नाही. ती बाहेर जाऊन उंबऱ्यात बसली आणि म्हणाली की जयवंता निघेपर्यंत आपण इथून हलणार नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना तिला ओलांडून जावं लागत होतं. महादेवराव बागेतून आले, त्यांनी विचारलं, आणि कुणीच सांगेना तेव्हा मी सांगितलं. भल्या माणसाला बागेतल्या कुठल्या झाडाला कुठल्या वर्षी डिंक सुटला होता ते तोंडपाठ, पण बायकोच्या कमरेला दोन वर्षं जखम आहे हे माहीत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. नंतर मला वाटलं, मला तरी मामीची काळी कडी कुठे माहीत होती.

ते जयवंताकडे वळले. "मले काहून नाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू?" ती म्हणाली. "कमरेचं?"

महादेवरावांनी तोडा भावावर सोपवला आणि दुपारच्या बसने आम्ही चौघं नागपूरला आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मिनल यांनी जखम पाहिली, जांघेत बोटांनी चाचपलं, आणि लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टला दहा दिवस. ते दहा दिवस जयवंता आमच्याकडे राहिली आणि मजेत राहिली, तिला शहरातल्या जुन्या मैत्रिणी भेटत होत्या. हैराण झालो ते आम्ही. मामी दिवसातून दोनदा दवाखान्यात जाऊन रिपोर्टच्या खिडकीवर चौकशी करायची. खिडकीवरचा माणूस माझ्यासारखाच कारकून, तो तिच्यावर ओरडायचा, आणि ती संध्याकाळी पुन्हा जायची.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, कातडीचा. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी जयवंतासकट आम्हाला समोर बसवून समजावलं. जखम भोवतालच्या चांगल्या कातडीसकट मोठी कापावी लागेल, मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल, आणि जांघेत एक गाठ लागते आहे, तीही काढावी लागेल. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर दहा मिनिटांचं काम होतं, असं त्या म्हणाल्या. मग कागदावर लिहिता लिहिता, कुणाला दोष न देता, सहज म्हणाल्या, "या जखमा फार दुखत नाहीत, हाच घोळ आहे. दुखलं असतं तर बाई आपणहून आली असती."

मामी माझ्या शेजारी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत नव्हती.

ऑपरेशन झालं. गाठीत आजार पोचला होता, पण त्या एकाच गाठीत. जखमा भरल्यावर पाच आठवडे विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितले आणि त्यापुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. बरी होईल का, असं महादेवरावांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आशा चांगली आहे, खात्री आज देत नाही. शेक चालू असेपर्यंत जयवंता आमच्याकडेच. मामी तिला आंघोळ घालायची, पेज करून द्यायची, कुशीवर वळवायची. सगळं केलं, फक्त गादीबद्दलची एक गोष्ट सांगितली नाही. मला रोज सकाळी म्हणायची, आज सांगतो तिले. आणि संध्याकाळी काही ना काही निमित्त निघायचं. मी म्हणाले, नको सांगूस, कशाला. तिला ते पटलं नाही आणि सांगवलंही नाही, आणि या दोहोंच्या मध्ये ती अशी अडकली की तिचं वजन जयवंतापेक्षा जास्त उतरलं.

शेकांच्या तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, गल्लीतल्या पाच-सहा जणी जयवंताला बघायला आल्या. त्यांच्यासोबत महाल भागातल्या यमुताईही होत्या. सत्तरीच्या, नेहमी इस्त्रीची साडी, बोलणं मोजकं. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात असलेलं त्यांचं घराणं, आणि त्या मामीच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. जयवंता उशीला टेकून बसली होती आणि तिला बोलायचा उत्साह आला होता. आजाराची हकीकत सांगता सांगता ती गादीवर आली. कौशल्याने ती शिवून दिली म्हणून दोन वर्षं बाग सांभाळता आली, नाहीतर अशा दुखण्यात कोण उभं राहिलं असतं, असं तिने मनापासून सांगितलं. बायका मामीकडे कौतुकाने पाहायला लागल्या. यमुताई म्हणाल्या, "कौशल्या, मलाही एक गादी टाचून दे गं. या बाजूला थोडं लागतं अलीकडे."

मामी दाराशी पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"ते गादी कोणी मागू नका," ती म्हणाली. तिचा आवाज इतका फाटला होता की बाया दचकल्या. "ते गादी मी शिवली नसती त जयवंताले दुखलं असतं. दुखलं असतं त ते दवाखान्यात गेली असती. दोन वर्ष मी तिचं दुखणं झाकून ठेवलं. नाडा माहाच, गादीही माहीच."

 जयवंता तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू ती डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवत असावी असं मला दिसलं. खाली बाजारात कुणीतरी कापडाचा तागा उलगडत भाव सांगत होतं. मामी हात जोडायच्या बेतात होती, पण जयवंताने तिला ते करू दिलं नाही. ती यमुताईंकडे वळली आणि म्हणाली, "यमुताई, कुठी लागते तुमाले? दाखवा."

यमुताई म्हणाल्या, काही विशेष नाही, एवढंसं आहे.

"माहंही एवढंसंच होतं," जयवंता म्हणाली. मग तिने स्वतःच्या कमरेवरचा पदर बाजूला केला, पातळ पट्टी उचलली आणि मांडीच्या कातडीचा तो जोडलेला तुकडा सगळ्यांना दाखवला. कुणी तोंड फिरवलं, कुणी नाही. यमुताईंनी वाकून पाहिलं. मग त्यांनी मला दार लावायला सांगितलं, उभ्या राहिल्या, आणि स्वतःच गाठ सोडली. काळ्या कडीवर डाव्या अंगाला एक लहान जखम होती. किती दिवस झाले, मामीने विचारलं. यमुताई म्हणाल्या, दिवाळीपासून. तेव्हा एप्रिल चालू होता.

"इथं काय उभी राहिली वं?" जयवंता मामीला म्हणाली. गादीबद्दल ऐकल्यानंतर तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि त्यात माया नव्हती. "यांले घेऊन जा डॉक्टरकडे. आत्ता."

मामी चपला घालून निघाली. यमुताई तिच्या मागे, साडी नीट करत. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या, आणि जाताना प्रत्येकीचा हात नकळत कमरेकडे गेलेला मी पाहिला.

आम्ही दोघीच उरलो. मी जयवंताची पट्टी सारखी केली. मला मामीची बाजू मांडायची होती, वाक्यंही तयार होती, पण तिचा चेहरा पाहून मी पाण्याचे पेले आवरायला लागले. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, झोपली. पण ती म्हणाली, "वंदना, ते गादी नसती त मी गेली असती का वं दवाखान्यात?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी नसती गेली. दुखलं असतं त दात खाऊन संत्री तोडली असती. कमर दाखवाची कोणाले?" मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती, बहुतेक स्वतःवरच. "पण हे कौशल्याले सांगू नको. सांगितलं त ते शांत बसन."

यमुताईंची जखम वेळेत सापडली होती, एवढं त्यांच्या तपासणीत कळलं. ती कापून काढली आणि टाके आठवड्यात सुटले. जयवंताच्या तपासण्या चालू आहेत, आतापर्यंतच्या तीन चांगल्या आल्या. मामी आता चार बोटं रुंद पट्ट्याचा परकर शिवते, आणि माप घेण्याआधी दार लावून बाईची कंबर बघते. बघू दिली नाही तर शिवून देत नाही. काटोलच्या बाजूच्या चार गावांत जाऊन आली, परवा पुन्हा जाणार आहे. रात्री तिला झोप लागत नाही, हे मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं. जयवंताचे ते दोन शब्द सांगून मी तिला झोपवू शकेन. मामी छापलेलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही.